प्रकाशक: स्वतः

माझ्या हातातला घास तोंडाशी येऊन थांबला की दादा खूश व्हायचे. घास थांबला म्हणजे प्रकरण पास. नाही थांबला, मी आपली भाजी-पोळी खातच राहिले, तर शर्टाच्या खिशातून लाल पेन्सिल निघायची आणि त्या पानावर आडवी फुली बसायची. माझ्या जेवणाकडे आयुष्यात इतक्या आशेने दुसऱ्या कोणी बघितलेलं नाही. नवऱ्याने तर नाहीच.

मी तेव्हा जबलपूरच्या एका फॅक्टरीच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि दादा तिथेच गेज रूममध्ये तपासनीस. नात्याने कोणी नव्हेत, आम्ही मराठी मंडळी त्यांना दादा म्हणत असू. फॅक्टरीत आम्ही काय बनवत होतो ते तेव्हाही सांगायचं नव्हतं, आता सांगून काय करायचं? एवढं पुरे की लोखंडाचे तुकडे बनत आणि प्रत्येक तुकडा दादांच्या हाताखालून जाई. गेज म्हणजे माप तपासायचं हत्यार, त्याला दोन टोकं. एका टोकात तुकडा गेला पाहिजे, दुसऱ्यात जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास, नाहीतर लाल रंगाचा ठिपका आणि भंगारात. आठ तास हे करायचं, भोंगा झाला की सायकल काढायची, आणि घरी जाऊन प्रेमाच्या कादंबऱ्या लिहायच्या. हो, प्रेमाच्या. लिहायच्या, स्वतःच छापून घ्यायच्या आणि स्वतःच विकायच्या.

गेज त्यांच्या डोक्यातून घरी गेल्यावरही उतरत नसे. कादंबरीला ते ‘जॉब’ म्हणत. “नवा जॉब लावला आहे बेटा, नायिका रेल्वे क्वार्टरातली आहे.” दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन ते आमच्या टायपिंगच्या खोलीत येत, कारण तिथे आम्ही तीन बायका होतो आणि बाकी सगळ्या फॅक्टरीत बायका शोधून सापडल्या नसत्या. त्यांचा स्वतःचा डबा बंदच राही. ते वाचत, आणि वाचता वाचता चष्म्यावरून आमचे हात बघत.

बाकी दोघी हिंदीवाल्या. त्यांना मराठी अर्धंमुर्धं कळे, पण त्यांचेही घास थांबत. त्या दादांना ‘उपन्यासवाले बाबू’ म्हणत आणि मधेच विचारत, “बाबूजी, अब ये दोनों मिलेंगे न?” दादा म्हणत, “मिलेंगे जी, हमारे यहाँ सब मिलते हैं.”

ते खरंच होतं. दादांच्या कादंबरीत सगळे मिळत. माणसं साधी, आमच्यासारखीच. नायक भाजी आणतो, त्याला पालक आणि मेथीतला फरक कळत नाही, नायिका हसते, झालं, प्रेम बसलं. पुढे दीडशे पानं दोघं एकमेकांना काही सांगत नाहीत. लग्नाच्या आधी स्पर्श म्हणाल तर तिने त्याच्या हातावर तांब्याने पाणी घातलं, इतकाच. मी एकदा म्हटलं, “दादा, पाणी घालून घालून नायकाला सर्दी होईल, आता तरी हात धरू द्या.” ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि म्हणाले, “विचार केला. तुझं म्हणणं रिजेक्ट.”

ते छापून घेत तो छापखाना घमापुरात होता. लग्नपत्रिका, किराण्याची पावतीपुस्तकं आणि निवडणुकीची पत्रकं छापणारा. मालक म्हातारा, हिंदी माणूस, मराठीचं ओ की ठो नाही. तिथे ‘ळ’ अक्षराचे खिळेच नव्हते, हिंदीत ते लागतं कुठे? दादांनी नागपूरहून मूठभर ळ विकत आणले होते आणि बामच्या रिकाम्या डबीत घालून ते जपत. मूठभर ळ एका फर्म्याला, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांना, कसे पुरणार? मग लिहितानाच जपून लिहायचं. त्यामुळे त्यांच्या नायिकांना डोळे नसत, नजर असे. संध्याकाळ कधी होत नसे, सांज होई. सासूला मेली काळजी म्हणून वाटत नसे, नुसती चिंता. नागपूरच्या कोणा मासिकाने एकदा त्यांच्या भाषेला ‘काव्यात्म’ म्हटलं, तेव्हा दादा माझ्याकडे बघून मिशीत हसले.

पुस्तक तयार झालं की रविवारी सायकलच्या हँडलला दोन पिशव्या लावून निघत. फॅक्टरीलगतच्या रांझीच्या क्वार्टरांतून, रेल्वेच्या वस्तीतून, पार सराफ्यामागच्या जुन्या मराठी घरांपर्यंत. तिथली मंडळी भोसल्यांच्या काळापासूनची, पूर्वजांचे फोटो लावलेली. ती अशा पुस्तकांना नाक मुरडत आणि मागल्या दाराने मोलकरणीला पाठवून विकत घेत. दादांची विकायची रीतही अजब. पुस्तक ठेवून जायचं, पुढच्या रविवारी यायचं, आणि वाचणारीला नीट निरखून बघायचं. ती म्हणाली, “छान आहे हो,” तर दादा पुस्तक परत घेत. ती काही न बोलता आत जाऊन पैसे घेऊन आली, तरच विकत.

पुस्तकावर लेखकाचं नाव असे, आणि पहिल्या पानाच्या मागे ‘प्रकाशक: स्वतः’. मी विचारलं होतं, एखाद्या मोठ्या प्रकाशकाकडे का नाही देत? तर एकाने दिलं होतं बोलावणं, नागपूरच्याच. तो म्हणाला, छापतो, पण शेवटी नायिका मारा. मेलेली नायिका जास्त खपते. दादा समोरचा चहा तसाच टाकून उठले आणि मिळेल त्या गाडीने परत आले.

“दिवसभर आपण जे बनवतो बेटा, ते पुढे जाऊन काय करतं ते मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “मी पास केलेला प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी घरावर जाऊन पडणार. घरी आल्यावर तरी मला दोन माणसं जोडू दे. त्यात कोणी सांगायचं नाही, याला मार, तिला मार.”

आम्ही सगळे तिथे पोटासाठीच होतो, पण हे असं तोंडाने कोणी बोलत नसे.

आता वहिनींबद्दल, दादांच्या बायकोबद्दल, सांगते. त्यांच्याशिवाय दादा अर्धेच.

दादांचं घर रांझीत, फॅक्टरीहून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत खिडकीपाशी खाट आणि खाटेवर वहिनी. संधिवाताने त्यांचे पाय आणि बोटं आखडून गेली होती. कित्येक वर्षांत त्या उंबरठ्याबाहेर पडल्या नव्हत्या. मूलबाळ नाही. सकाळचा स्वयंपाक दादा करून जात, रात्रीचा येऊन करत, वहिनींची वेणी घालत. वेणी त्यांना सुरेख जमे, माझ्या आईलाही तशी जमत नसे.

वहिनी सागरकडच्या. शरीर बसलं होतं, पण जीभ अशी की शेजारपाजारच्या बाया दारावरून जाताना पदर सावरून पटकन पुढे सटकत. लिहायवाचायला त्या शिकलेल्या नव्हत्या. दादा प्रत्येक कादंबरी त्यांना वाचून दाखवत, आणि वहिनी खाटेवरून चिरफाड करत.

“ही बाई काहून रडून राहिली?” त्या विचारत.

“तो गेला म्हणून.”

“गेला तर गेला. हिला घरात काही काम-धाम नाही? चुलीवर दूध ठेवलं असेल ते उतू गेलं, ते लिहा. मग रडू द्या तिला, दुधासाठी.”

दादा कुरकुरत, पण दूध उतू जाई. आणि ते दूध उतू गेलेलं प्रकरण वाचताना आमचे घास हमखास थांबत. “घरातला गेज फार कडक आहे,” दादा म्हणत. “तुम्ही तिघी पास करता, पण तिकडे माल अडकतो.”

मी बरेचदा त्यांच्या घरी जाई. वहिनी मला म्हणत, “तुझ्या दादांना वाटते, प्रेम म्हणजे बोलणं. पुस्तक भरून बोलतात. माणसाने इतकं बोलू नये.” आणि दादा आतून, पोळ्या लाटता लाटता, “ऐकू आलं बरं का,” म्हणत.

एकाहत्तर साली दिवाळीला दादांची नवी कादंबरी निघाली. नाव होतं ‘तुमची वाट आमच्या दारावरून’. तेव्हा फॅक्टरीत पाळ्यांवर पाळ्या चालू होत्या. सुट्ट्या बंद, रविवार बंद. दादा सोळा-सोळा तास गेज लावत आणि तरी एखादा तास काढून सायकलवर पुस्तकं पोचवत. मग लढाई लागली. गावात दिवे बंद करायची तालीम सुरू झाली, काचांना खाकी कागद चिकटले, वहिनींच्याही खिडकीला चिकटला. त्याच आठवड्यात एके सकाळी मला सिक्युरिटी ऑफिसरने बोलावून घेतलं.

हे साहेब फौजेतून रिटायर होऊन आलेले कॅप्टन. डेहराडूनकडचे. सगळे त्यांना कप्तानसाहेब म्हणत आणि शक्यतो त्यांच्या समोर येत नसत. मी आत गेले तर टेबलावर दादांची कादंबरी.

“आप मराठी पढ़ लेती हैं?”

“जी.”

कोणीतरी निनावी तक्रार केली होती की या पुस्तकात फॅक्टरीची माहिती आहे. साहेबांनी पहिलं पान उलटून बोट ठेवलं. “लेखक तो हमारा आदमी है. ये स्वतः कौन है? इसका पता निकालो.” मी सांगितलं की लेखकाने स्वतःच छापलं आहे. त्यांना ते पटलं नाही. स्वतःच्या पैशाने कोणी असलं काही का छापेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

मग हुकूम झाला की मी अख्खी कादंबरी हिंदीतून वाचून दाखवायची. रोज दुपारी त्यांच्या केबिनमध्ये खुर्ची टाकून मी वाचू लागले. पहिल्या दिवशी साहेब ताठ बसून टिपणं घेत होते. नायकाने मेथी म्हणून शेपू आणला ते त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेन टेबलावर पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला थांबले तर म्हणाले, “फिर? उसने बताया कि नहीं?” मी म्हटलं, नाही साहेब, दादांच्या कादंबरीत इतक्या लवकर कोणी सांगत नाही. दारातला शिपाई पण कान देऊन उभा. मला वाटलं, चलो, निभावलं.

आणि मग ते पान आलं. नायिकेचं लग्न झालं आहे, नवरा फॅक्टरीत आहे, ती आजारी होऊन खिडकीपाशी बसून असते. मी डोळ्यांनी पुढची ओळ आधीच वाचली. मी जमेल तितकं भरभर वाचलं, पण साहेबांनी हात वर केला. “ये फिर से. धीरे.”

दादांनी लिहिलं होतं, “ती कान देऊन बसे. रिकामी गाडी खडखडत जाई, भरलेली दबून जाई. रिकाम्या गाड्या आत गेल्या की ती समजे, आज भरणी आहे, आज त्यांना उशीर. भरलेल्या स्टेशनाकडे निघाल्या की ती समजे, आता येतील. आणि ज्या महिन्यात रविवारीसुद्धा भरलेल्या गाड्या थांबेनात, त्या महिन्यात, पेपरात काही येण्याच्या कितीतरी आधी, तिने जाणलं की आता लढाई होणार.”

पुस्तक दिवाळीत निघालेलं. लढाई त्यानंतर लागलेली. आता काय सांगायचं?

खरं म्हणजे हे सगळ्या रांझीला ठाऊक होतं. आमच्याकडे बाया ट्रकांच्या आवाजावर भात टाकत. भरलेल्या गेल्या, आता हे येतील, लावा कुकर. यात काही गुपित आहे असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, दादांच्याही नाही. पण कागदावर उतरलेलं ते केबिनमध्ये वाचलं, तेव्हा मलाही ते गुपितासारखंच वाटलं. साहेबांनी पुस्तक मिटलं आणि दादांना बोलावणं धाडलं.

दादा आले. हात पुसत, हसत. पुस्तक बघितलं आणि हसू गेलं.

साहेबांनी सरळ विचारलं. तुम्ही दिवसभर गेज रूममध्ये. लोडिंग तुम्हाला दिसत नाही, गेटवरचे ट्रक दिसत नाहीत. मग हे कोणी सांगितलं? ट्रकांवर नजर ठेवून कोण बसतं?

ज्या माणसाला पालक आणि मेथीवर अर्धा तास बोलता येई, तो मूग गिळून उभा राहिला. साहेबांनी परत विचारलं. दादा म्हणाले, “मन से लिखा है साहब.” साहेब म्हणाले, मनाला भरलेल्या ट्रकचा आवाज कळत नाही. मी दादांकडे बघत होते, बोला ना, घरच्या खाटेवरच्या बाईचं नाव घ्या ना. पण त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान इतकीशी हलवली.

त्यांचा गेट पास काढून घेतला. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं. लढाईच्या दिवसांत अशा चौकशीचा शेवट कुठे होईल याचा नेम नव्हता. नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर वहिनींची डॉक्टरची सोय, औषधं, सगळंच. बाहेर बातमी फुटायला वेळ लागला नाही. रांझीतल्या घराघरांतून दादांची पुस्तकं पिठाच्या डब्यांत आणि गाद्यांखाली गेली. माझे वडील मला म्हणाले, काही दिवस तिकडे जाऊ नकोस. मी गेले.

दादा परसात भांडी घासत होते. वहिनींना त्यांनी सांगितलं होतं की गेज दुरुस्तीला गेले आहेत, म्हणून सुट्टी. मी खाटेपाशी टेकले तर वहिनी हळूच म्हणाल्या, “इतके ट्रक चालून राहिले आणि गेज दुरुस्तीला? मी काय दूधपिती आहे? खरं सांग.”

मी सांगून टाकलं. नुसतं एवढंच की पुस्तकात ट्रकांचं काही आलं आहे आणि साहेब विचारतात, कोणी सांगितलं. वहिनींनी खिडकीच्या खाकी कागदाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “ट्रकांचं तर मी यांना सांगते, रोज सांगते. बाकी मला सांगायला असतं काय? ते पुस्तकात काहून घातलं? मला वाचून दाखवलं त्यात तर नव्हतं.”

मग आमच्या दोघींच्या ध्यानात आलं की ते प्रकरण दादांनी घरी वाचलंच नव्हतं, आणि ऑफिसात आम्हालाही नाही. गाळलं होतं. शेजारच्या बायांनी वाचून खिडकी ओळखली असणार, पण वहिनींच्या तोंडी कोण लागणार?

“त्या साहेबाला घेऊन ये,” वहिनी म्हणाल्या. “मला जाता येत नाही, तर त्याला यावं लागेल.”

मी दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. कप्तानसाहेब संध्याकाळी जीप घेऊन आले. गल्लीतली सगळी दारं एकामागून एक लागली.

दादा जीप बघून पांढरे पडले. साहेब आत आले, खाट बघितली, वहिनींचे हात बघितले आणि टोपी काढून स्टुलावर बसले. वहिनींनी त्यांना वेळच दिला नाही. “मैं बताती हूँ इनको,” त्या म्हणाल्या. “मेरे को दूसरा काम क्या है? ये कब आएँगे, बस उतना देखती हूँ. जासूस पकड़ना है तो मेरे को पकड़ो, लेकिन खाट समेत उठाना पड़ेगा.”

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. म्हणाले, “बहनजी, आपने पढ़ा है क्या लिखा है?”

“पढ़ना नहीं आता. इसको बोलो पढ़ने को.” वहिनींनी हनुवटीने मला खूण केली. “मराठीत वाच.”

“नको,” दादा म्हणाले. अख्ख्या चौकशीत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. “साहब, मैं लिख के देता हूँ, मेरी गलती है. वो पढ़ने की जरूरत नहीं.”

पण वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. मी वाचलं. ट्रकांचं वाचलं, लढाईचं वाचलं, आणि केबिनमध्ये जिथे साहेबांनी पुस्तक मिटलं होतं त्याच्या पुढेही वाचत गेले.

“आणि त्याची सायकल दाराशी टेकली की ती भिंतीकडे तोंड करून निजे. त्याला वाटावं की हिला झोप लागली आहे, हिने काही वाट बघितली नाही. तो आवाज न करता चूल पेटवी. त्याने तिला कधी उठवलं नाही. निजलेल्या माणसाचा श्वास कसा असतो हे त्याला ठाऊक होतं, आणि हा तो श्वास नव्हे हेही. पण तिने इतक्या कष्टाने केलेलं सोंग मोडायची त्याची छाती झाली नाही. त्या बंद पापण्यांसाठी तो रोज घरी येई.”

मला पुढे वाचवेना. दादा दाराच्या चौकटीकडे तोंड करून उभे होते. साहेबांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनीही मला हिंदीत सांग म्हणून म्हटलं नाही.

“तुम्हाला ठाऊक होतं?” वहिनी म्हणाल्या.

दादांनी मान हलवली.

“मग बोलले काहून नाही?”

“तू बोलली नाहीस म्हणून.”

वहिनी म्हणाल्या, “मी वाट पाहून राहिली आहे असं कळलं असतं तर तुम्ही घाईत सायकल हाणली असती. त्या ट्रकांच्या रस्त्यावर.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, करकरीत. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं आणि आखडलेल्या बोटांनी त्यांना ते पुसता येत नव्हतं. दादा पुढे आले आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं, आमच्या समोर.

कप्तानसाहेब खाकरले. म्हणाले, रिपोर्ट मी माझ्या हाताने लिहीन, हेरगिरीचा प्रश्न नाही. पण हे पान पुस्तकात राहता कामा नये. जितकी पुस्तकं बाहेर गेली तितक्यांतून ते काढून माझ्याकडे आणून द्या आणि कामावर या. फॅक्टरीला तपासनीस हवे आहेत.

यावर कोणीही हातापाया पडून हो म्हटलं असतं. दादा म्हणाले, “पूरी किताब जला दीजिए साहब. पन्ना नहीं निकालूँगा. बाकी किताब उसी पन्ने के लिए लिखी है.”

साहेब थक्क. मी तर डोक्यालाच हात लावला. घरात खायला काय होतं मला ठाऊक होतं.

“काढा ते पान,” वहिनी म्हणाल्या.

“तू मधे बोलू नकोस.”

“मीच बोलणार. पान माझं आहे. ज्याला पोचायचं होतं त्याला पोचलं ते, मी ऐकलं. आता बाकीच्यांना काहून सांगायचं?”

दादा तिथेच जमिनीवर बसले. घरातला गेज बोलला होता, त्यावर अपील नव्हतं.

दोन दिवस ते सायकलवर घरोघर हिंडले. बरोबर पट्टी आणि दाढीचं पातं. बाया पिठाच्या डब्यांतून पुस्तकं काढून देत आणि दादा तिथेच ओट्यावर बसून, पट्टी लावून, ते एक पान इतकं सफाईने कापून घेत की पुढच्या-मागच्या पानांना धक्का लागत नसे. काही बायांनी पुस्तक हरवलं म्हणून सांगितलं. दादांनी तपास केला नाही. कापलेली पानं कप्तानसाहेबांच्या सिगडीत गेली. आणि साहेबांनी मला परत खुर्ची दिली, म्हणाले, पुस्तकाचा उरलेला भागही तपासणं आवश्यक आहे, सरकारी काम आहे. शेवटच्या प्रकरणापर्यंत सगळं तपासून झालं. पुढे आक्षेपार्ह काही निघालं नाही.

दादा कामावर परत आले त्या दिवशी पाळी सुटल्यावर मी त्यांच्याबरोबरच निघाले. आईने वहिनींसाठी मेथीचे लाडू दिले होते. दिवे नव्हते, संधिप्रकाशात ते सायकल हातात धरून चालत होते आणि आमच्या बाजूने भरलेले ट्रक दबून जात होते. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही. पुस्तकाबद्दलही नाही. ते फक्त भाजीबद्दल बोलले, बाजारात काही राहिलंच नसेल म्हणाले.

घरापाशी त्यांनी नेहमीसारखी सायकल भिंतीला टेकवली. मी पाहिलं, दार लोटताना त्यांचा हात जरासा थांबला. मग त्यांनी ते लोटलं.

वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. कशा बसल्या, किती वेळ धडपडून बसल्या, कोण जाणे. तोंड दाराकडे होतं.

“भरलेल्या तर केव्हाच्या निघून राहिल्या,” त्या म्हणाल्या. “मी वाट पाहून राहिली आहे. इतका उशीर काहून केला?”

इतकी पुस्तकं लिहिलेला माणूस दारात नुसता उभा राहिला. मी लाडवांचा डबा उंबरठ्यावर ठेवला आणि आल्या पावली घरी गेले.